तिसरा फॅन बेल्ट घालण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाडी मारुती ८००, २००५ सालची, एसीवाली. वडिलांची आठवण, म्हणून विकायची नाही. तुम्ही गोव्यातल्या डिचोलीत राहता आणि गाडी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच बाहेर निघते. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी चावी फिरवली की बॉनेटमधून दोन-तीन मिनिटं किंचाळी येते, मग आपोआप थांबते. हेडलाइट आणि एसी एकदम लावला की परत सुरू. दीड वर्षात दोनदा बेल्ट बदलून झाला. दर वेळी महिनाभर शांतता, मग ये रे माझ्या मागल्या. आता मेस्त (मेकॅनिक) म्हणतो तिसरा घालूया, आणि तुम्हाला गणेश चवथीनंतर चोर्ला घाटातून बेळगावला जायचंय.

तिसरा बेल्ट आत्ता घालू नका. ओरडतो बेल्टच, पण त्याला ओरडायला लावणारा बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी असतो. बेल्ट काही शे रुपयांना मिळतो, पंधरा-वीस मिनिटांत बसतो, आणि नवा असेपर्यंत गप्पही राहतो. म्हणून गराजात सगळ्यात आधी त्याच्यावरच हात पडतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, त्यातला प्रकार. फोंड्याला गराज चालवायला लागून मला तीस वर्षं झाली. त्यातली पहिली काही वर्षं मीही संन्याशांनाच सुळावर चढवत होतो.

‘फॅन बेल्ट’ हे नाव ॲम्बेसेडर आणि फियाटच्या काळातलं. त्या गाड्यांत रेडिएटरचा पंखा खरोखरच या बेल्टवर फिरायचा. तुमच्या गाडीचा पंखा विजेवर चालतो, बेल्ट फिरवतो तो वीज तयार करणारा अल्टरनेटर आणि इंजिनात पाणी खेळवणारा वॉटर पंप. अल्टरनेटरला आमच्याकडे अजून डायनॅमोच म्हणतात, त्यामुळे मेस्त डायनॅमो म्हणाला तर गोंधळू नका. एसीच्या कॉम्प्रेसरचा बेल्ट वेगळा असतो. या सगळ्या पुल्यांत अल्टरनेटरची पुली सर्वांत लहान. तिच्याभोवती बेल्टला मिठी मारायला जागा सगळ्यात कमी मिळते, आणि सकाळच्या वेळी सगळ्यात जास्त जोर तिथेच लागतो. म्हणून घसरणं सुरू होतं ते तिथून.

सकाळीच का, हेही सांगतो. स्टार्टर इंजिन फिरवतो तेव्हा बॅटरीतून भरपूर करंट निघतो. इंजिन चालू झालं की ही तूट भरून काढण्याचं काम अल्टरनेटरवर येतं. त्यातच वायपर, हेडलाइट, ब्लोअर. समजा एकूण ४० अँपिअर खेचले जात आहेत. १४ व्होल्टला ते ५६० वॅट झाले, आणि अल्टरनेटरच्या आत वाया जाणारी शक्ती धरली तर बेल्टला जवळपास १ हॉर्सपॉवर, कधी थोडा जास्तच, ओढून न्यावा लागतो. तोही ओलसर हवेत, दव बसलेल्या लोखंडी पुलीवरून. दोन-तीन मिनिटांत बॅटरीची भूक भागते, पुली गरम होऊन वाळते, ओझं कमी होतं आणि आवाज थांबतो. तुमच्या गाडीत घडतंय ते अगदी हेच.

म्हणून माझा पहिला संशय बेल्टवर नाही, बॅटरीवर आहे. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या गाडीची बॅटरी कधी पुरती भरतच नाही. डिचोलीच्या बाजारापर्यंत जाऊन आलात तर स्टार्टरने घेतलेलंही पुरतं परत मिळत नाही. मग प्रत्येक सकाळी अल्टरनेटरला उपाशी बॅटरीला जेवू घालावं लागतं. साधा मल्टिमीटर आणा. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर पोट भरलेलं आहे. १२.२ च्या आसपास दिसले तर ती जेमतेम अर्धी भरलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवेत. चालू इंजिनवर १३ च्या खाली असतील तर बेल्ट घसरतोय किंवा अल्टरनेटर आजारी आहे. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटरचं काम, मग ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. बॅटरी चार-पाच वर्षांची असेल आणि एक रात्र चार्जरवर लावून दुसऱ्या सकाळी किंचाळी गायब झाली, तर चोर सापडला असं समजा.

तसं झालं नाही तर बॉनेट उघडा. त्याआधी एक सूचना, हसू नका: लुंगी नेसून, गळ्यात साखळी किंवा खांद्यावर पंचा घेऊन चालत्या इंजिनावर वाकू नका. फिरता बेल्ट कापड पकडतो तेव्हा हात मागे घ्यायलाही सवड मिळत नाही. माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीचं नख या विषयात जाणकार आहे.

आता कान लावा. आवाज दोन जातींचे असतात. लांब, ताणलेली किंचाळी, जी ओझं वाढलं की वाढते आणि ॲक्सिलरेटर दिला की चढते, ती घसरण्याची. चिमणीसारखी तुटक, ठरावीक अंतराने येणारी चिवचिव, जी गाडी मंद चालू असताना जास्त ऐकू येते आणि वेग दिल्यावर इतर आवाजांत बुडते, ती बहुधा पुल्या एका रेषेत नसल्याची. तिसरा आवाज घरघरीचा, दगड वाटल्यासारखा. तो बेल्टचा नसतोच, तो बेअरिंगचा.

पहिल्या दोघांत फरक करायला पाण्याची परीक्षा आहे. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडा, इंजिन मंद चालू ठेवा, आणि हात लांब ठेवून बेल्टच्या आतल्या बाजूला, म्हणजे पुलीला भिडणाऱ्या बाजूला, पाण्याची बारीक पिचकारी मारा. अल्टरनेटरवर धार जाऊ देऊ नका. पाणी लागताच आवाज वाढला तर ताण कमी आहे, बेल्ट घसरतोय. आवाज क्षणभर थांबला आणि पाणी उडून गेल्यावर परत आला तर पुल्यांची रेष चुकली आहे. माझ्या गराजात या बाटलीइतकं स्वस्त दुसरं हत्यार नाही, आणि तिने मला जितकी उत्तरं दिली तितकी कुठल्या महागड्या यंत्राने दिलेली नाहीत.

दोन बेल्टांपैकी नेमका कोणता ओरडतोय हे ठरवताना एक फसगत होते. एसी लावला आणि आवाज आला म्हणजे एसीचा बेल्ट, असं लोक धरून चालतात. पण एसीबरोबर विजेचा पंखाही सुरू होतो, त्याचं ओझं पुन्हा अल्टरनेटरवरच पडतं. म्हणून आधी एसी बंद ठेवून फक्त हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण जोरात लावा. आवाज आला तर अल्टरनेटरचा बेल्ट. इथे शांतता राहिली आणि एसीचं बटण दाबताच, कॉम्प्रेसरचा ‘टक’ आवाज होऊन किंचाळी सुरू झाली, तर एसीचा. ज्यांच्या गाडीत पॉवर स्टिअरिंग बेल्टवर आहे त्यांनी स्टिअरिंग एका बाजूला टोकापर्यंत फिरवून बघावं, तेव्हाच ओरडत असेल तर तो तिसरा भाऊ.

समजा पाणी टाकल्यावर आवाज वाढला. आता ताण. दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने साधारण १० किलोचा जोर द्या. सात-आठ मिलिमीटर, फार तर १० मिलिमीटर दबला तर ठीक. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो खरा. बोटभर दबत असेल तर ढिला, आणि तारेसारखा वाजत असेल तर गरजेपेक्षा घट्ट.

ढिला असणार याची मला जवळपास खात्री आहे, आणि कारणही माहीत आहे. नवा बेल्ट बसवला की पहिल्या काही मिनिटांतच तो पुलीच्या खाचेत जरा खाली बसतो, थोडा लांबतो, आणि दिलेला ताण उतरतो. म्हणून बसवल्यावर दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून, थंड करून, परत ताणायचा असतो. नंतर ५०० किलोमीटरच्या आसपास आणखी एकदा. सगळ्या गराजांत पहिला फेरा होतो. दुसऱ्यासाठी गिऱ्हाईक येत नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी बोलावतही नाही. मग ढिला बेल्ट महिनाभर घसरून घसरून त्याच्या कडा आरशासारख्या चकचकीत होतात. एकदा कडा चकचकीत झाल्या की नंतर कितीही ताणा, तो परत धरत नाही. तुमचा ‘महिनाभर शांतता’ हा हिशेब इथे अचूक जुळतो.

ताण देण्याची पद्धत सोपी आहे, पण आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत गाडी बंद असतानाही बॅटरीचा थेट करंट असतो. पाना तिथून बॉडीला चिकटला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं. अल्टरनेटर खालच्या एका लांब बोल्टवर झुलतो आणि वरच्या बाजूला खाच असलेल्या पट्टीवर सरकतो. दोन्ही बोल्ट सैल करा, लाकडी दांडक्याने अल्टरनेटर इंजिनापासून बाहेर रेटा, आणि रेटलेला ठेवूनच आधी खाचेचा बोल्ट आवळा, मग खालचा. दांडकं अल्टरनेटरच्या पुढच्या जाड भागाला लावा. मागच्या ॲल्युमिनियमच्या भागाला किंवा पातळ पात्यांना लावलंत तर तडा जाईल.

आणि जास्त ताणू नका. गराज सुरू केलं त्या दिवसांत एका टॅक्सीवाल्याची फियाट माझ्याकडे यायची, दर पंधरवड्याला तीच कुरकूर. वैतागून मी बेल्ट असा ताणला की बोटाने वाजवला तर सूर निघावा. आवाज गेला, टॅक्सीवाला खूश, मी खूश. दीड महिन्यात त्याच्या डायनॅमोचं बेअरिंग गेलं, आणि त्यानंतर वॉटर पंपाचा शाफ्ट हलायला लागला. दोन्ही माझ्या पदरच्या पैशांनी बदलून दिली. तेव्हापासून माझा अंगठा १० किलोच्या पुढे जात नाही.

आता ताणायला गेलात आणि अल्टरनेटर खाचेच्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊनही बेल्ट ढिलाच राहिला, तर बेल्ट लांबीने मोठा आहे. बेल्टच्या पाठीवर नंबर छापलेला असतो, तो गाडीच्या नंबराशी जुळवा. ‘हा पण चालतो’ हे काउंटरवरचं वाक्य ऐकून घेऊ नका. रुंदीचंही तसंच. पाचरीच्या आकाराचा बेल्ट पुलीच्या दोन उतरत्या भिंतींमध्ये अडकून धरतो, तळाशी त्याचं काही काम नसतं. बेल्ट अरुंद असेल किंवा पुलीच्या भिंती झिजून रुंदावल्या असतील, तर तो तळाला टेकतो आणि टेकला की घसरलाच. पुलीचा तळ घासून चकाकत असेल तर हाच निकाल. तुमच्याकडे आतून बारीक उभ्या रेषांचा चपटा बेल्ट असेल तर रेषा मोजा, आणि खाचांत काही अडकलंय का ते पाहा. लाल मातीचा इवलासा खडा पुरेसा होतो.

आपल्या मुलखात पुलीकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. डिचोली-साखळीच्या बाजूला खाणीच्या ट्रकांनी उडवलेली ती मैद्यासारखी लाल धूळ पुलीवर बसते, पावसात तिची लेप लावल्यासारखी खळ होते आणि बेल्टच्या कडांना पॉलिश करत राहते. किनाऱ्याकडे खारी हवा. बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या गाड्या आठ-आठ महिने झाकून उभ्या असतात. मालक सुट्टीवर आला, चावी फिरवली, की आधी बेल्ट बोंबलतो. कव्हर काढून बघा, बेल्ट जिथे पुलीला चिकटून बसला होता तेवढा भाग कोरा आणि बाकीच्यावर गंज. वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या ठिकाणी उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. अशा गंजक्या पुलीवर नवा बेल्ट चढवणं म्हणजे कानशीवर रबर फिरवणं. बेल्ट काढा, पुलीच्या भिंती तारेच्या ब्रशने आणि मग बारीक पॉलिश पेपरने घासा, ब्रेक क्लीनरने पुसा, बोट फिरवून बघा. बोटाला खरखर लागता कामा नये. रॉकेलने पुसू नका, तेलकट थर मागे राहतो. गरम इंजिनजवळ पेट्रोल तर नकोच.

पावसातच वाढतो म्हणता, म्हणून आणखी एक जागा बघायला सांगतो. उजव्या-डाव्या, ज्या बाजूला बेल्ट आहे त्या चाकाच्या कमानीत आतून एक प्लास्टिकची चिखलपट्टी असते. एखाद्या कामासाठी ती काढतात आणि दोन क्लिपा तुटल्या म्हणून परत लावत नाहीत. मग चाकाने उडवलेलं पाणी थेट बेल्टवर. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीतल्या, रस्त्यांवर उधाणाच्या वेळी साचतं ते पाणी तर खारं. ही पट्टी नसेल तर बाकी सगळं करूनही पुढच्या जूनमध्ये तुम्ही हाच प्रश्न विचाराल.

तेल गळतंय का तेही पाहा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा पुढचा ऑइल सील पाझरत असेल तर बेल्टवर तेल जातं, रबर फुगतं, मऊ पडतं. तेल प्यालेला बेल्ट धुऊन चांगला होत नाही, तो फेकाच. पण आधी गळती बंद करा.

पाणी टाकल्यावर आवाज थांबून परत आला असेल तर हे वरचं बरंचसं सोडा आणि रेष तपासा. इंजिनाच्या, अल्टरनेटरच्या आणि वॉटर पंपाच्या अशा तीनही पुल्यांच्या तोंडांना एक सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा लावा, सगळीकडे सारखा टेकला पाहिजे. तुमच्या गाडीचा अल्टरनेटर कधी दुरुस्तीला काढला होता का, आठवून बघा. माझ्याकडे एक मारुती झेन आली होती, तिनेही वर्षात तीन बेल्ट खाल्ले होते. मी दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी दोरा लावला तेव्हा दिसलं, अल्टरनेटरची पुली दोन मिलिमीटर आत. बाहेर कुठेतरी अल्टरनेटर भरून आणला होता आणि बसवताना ब्रॅकेटमागचा एक वॉशर राहून गेला होता. तेवढा वॉशर टाकला आणि चिवचिव बंद. कधी पुली भंगारातल्या दुसऱ्या गाडीची लावलेली असते, कधी खालच्या बोल्टचं बुश झिजून अल्टरनेटर ताणताना तिरका होतो. दोन्ही गोष्टी दोऱ्याने पकडता येतात.

बेअरिंगसाठी बेल्ट काढून प्रत्येक पुली हाताने फिरवा. मऊ आणि निःशब्द फिरली पाहिजे. खरखर, किंवा पुढे-मागे हलवताना खडखड लागली तर ते बेअरिंग. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, तिथून कूलंटचा ओघळ दिसला तर पंप निवृत्त करायची वेळ आली. बेल्ट नसताना इंजिन अर्धा मिनिट चालवून आवाज राहतो का तेही ऐकता येतं, पण अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही, कारण पाणी फिरत नसतं.

साबण, मेणबत्ती, पावडर, आणि दुकानात मिळणारा बेल्टचा स्प्रे यांबद्दल विचाराल, म्हणून आधीच सांगतो. माझा उस्ताद अंगाचा साबण चालत्या बेल्टवर धरायचा आणि आवाज लगेच बंद व्हायचा. संध्याकाळपर्यंत. स्प्रेने चिकटपणा येतो, त्यावर आपली लाल धूळ बसते, आणि आठवड्यात बेल्टची पॉलिश पेपरची पट्टी होते. गाडी विकायला काढणारे हे करतात. तुम्हाला विकायची नाही.

बेल्ट स्वतः खराब झालाय का, हे शेवटी बघायचं. जुन्या प्रकारच्या रबराला भेगा पडायच्या, त्यावरून कळायचं. आताचे बरेचसे बेल्ट वेगळ्या रबराचे, ते झिजतात पण चिरत नाहीत. त्यामुळे भेगा नाहीत म्हणजे चांगला, असं समजू नका. कडा चकाकत असतील, सुटे दोरे दिसत असतील किंवा खाचेत पूर्वीपेक्षा खोल बसत असेल, तर बदला. मग मात्र तिसरा बेल्ट योग्य जागी जाईल. आतून असलेला टायमिंग बेल्ट वेगळा, झाकणाआड असतो. त्याचा या आवाजाशी संबंध नाही, त्याला हात लावू नका.

बेळगावचं म्हणाल तर घाटात हा बेल्ट तुटला तर नुसती बॅटरीची लाल खूण पेटून थांबत नाही. तुमच्या गाडीत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असल्याने पाणी फिरायचं थांबतं आणि चढावर तापमानाचा काटा मिनिटांत वर जातो. लाल खूण आणि चढता काटा एकदम दिसले की जागा बघून लगेच बाजूला घ्या. ‘वरच्या वळणापर्यंत जाऊ’ म्हटलंत तर हेड गॅस्केट जाईल. निघण्याआधी किमान ५०० किलोमीटर गाडी चालवून ताण दुसऱ्यांदा तपासून घ्या. गेल्या वेळी काढलेला बेल्ट अजून गराजात पडला असेल तर मागून आणा. कडा चकाकणारा असला तरी चोर्ल्यातून बेळगावच्या पहिल्या गराजापर्यंत ओरडत का होईना नेईल. तो, १२ आणि १४ चा पाना, आणि एक लाकडी दांडका, डिकीत ठेवा.